व्हय म्हणण्याआधी मॅडमना विचारा

किस्से साठतात कसे, ते माझ्या डायऱ्यांना विचारा. मी रोज एक पान लिहितो. सुरुवातीला त्यात फक्त कामाचं असायचं: कुठला माल कुठं गेला, कोणाचं पत्र आलं. मग मार्जिनमध्ये पेन्सिलीनं कोण काय बोललं तेही टिपायला लागलो. आता असं होतं, की काम शोधायला डायरी उघडावी आणि मार्जिनच वाचत बसावं!

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत आहे. आम्ही कोयते बनवतो. ऊसतोडीचे, बागकामाचे, नारळाचे. निम्मे देशात विकतो, निम्मे ऑनलाइन परदेशात. मालक अण्णा पाथर्डीकडचे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. तोडून तोडून आईचं मनगट सुजायचं, म्हणून अण्णांनी शाळेत असताना बाभळीच्या लाकडाची एक वाकडी मूठ तासली, तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि ती आईच्या कोयत्याला बसवली. सूज उतरली. आज आख्खी कंपनी त्या मुठीवर उभी आहे. कागदोपत्री तिचं नाव 'मॉडेल ए-वन'. आम्ही म्हणतो, 'आईची मूठ'.

आमचं लीगल डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं. एक साळवे मॅडम, भिंगारच्या, कोर्टातली प्रॅक्टिस सोडून कंपनीत आलेल्या. दुसरा मी, जगताप. वकील नव्हे. मी डिस्पॅचला होतो. डायरीची सवय बघून मॅडमनी मला ओढून घेतलं. करारांचं इंग्रजी मी डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो.

मॅडम म्हणतात, "जगताप, तुमच्याइतकं हळू वाचणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि तसलाच मला हवा होता!"

* * *

पहिल्याच वर्षी एका परदेशी वेबसाइटनं आमचा कोयता विक्रीतून काढून टाकला. कारण एका शब्दात दिलं होतं: शस्त्र.

ऑनलाइन विक्री बघणारी प्रियांका रडकुंडीला आली. मॅडमनी चार पानी उत्तर लिहिलं. कोयता हे शेतीचं अवजार कसं, ते कलमं लावून पटवून दिलं. अर्ध्या मिनिटात नकार! पलीकडं माणूस वाचतच नव्हता, मशीन वाचत होतं.

मग मॅडमनी जाहिरात स्वतः उघडून बघितली. फोटोत अण्णा होते. काळा चष्मा, पीळ दिलेल्या मिशा आणि डोक्यावर उगारलेला कोयता!

"अण्णा, हा फोटो बघून मीच पोलिसांना फोन केला असता!"

"फोटूग्राफर म्हनला, जोरात दिसलं पायजे," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईंना गाडीत घालून आणलं. नाकावर चष्मा, मांडीवर परात, आणि कोयत्यानं उसाची कांडी करताहेत, असा फोटो काढला. तासाभरात मंजुरी आली. वर्ग लिहिला होता 'किचन'.

आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तीस वर्सं फडात तोडला, तवा कुनी इचारलं न्हाई. आन् आता म्हनं, किचन!"

* * *

जर्मनीतल्या एका बाईंनी कोयता घेतला, वापरला, चांगला अभिप्रायही दिला. मग त्यांची मेल आली: 'माझी सगळी माहिती तुमच्याकडून पुसून टाका.' युरोपात तसा कायदाच आहे. गिऱ्हाईक म्हणालं मला विसरा, की विसरावं लागतं.

मॅडमनी हे काम मला दिलं. मी चार दिवस खपलो. कॉम्प्युटरमधून काढलं, बॅकअपमधून काढलं, पॅकिंगच्या रजिस्टरात काळ्या पेनानं खोडलं. गेटवरच्या शकीलभाईंनी हौसेनं पार्सलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता, तोही उडवायला लावला.

"झालं सगळं," मी मॅडमना सांगितलं.

"कशावरून?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

मी डायरी पुढं केली. त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात त्या दिवशीची नोंद होती: 'आज अमुक बाई, राहणार अमुक गल्ली, घर नंबर अमुक, यांचं नाव सगळीकडून पुसलं.'

मॅडमनी कपाळाला हात लावला. "जगताप, ती बिचारी म्हणतीय मला विसरा, आणि तुम्ही तिची पुण्यतिथी लिहून ठेवलीत!"

* * *

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाची गोष्ट. जुन्या करारावर अहमदनगर होतं, नव्या सर्टिफिकेटवर अहिल्यानगर आलं, आणि वेबसाइटवर प्रियांकानं आपलं साधं 'नगर' टाकलेलं!

लंडनच्या एका गिऱ्हाईक कंपनीच्या वकिलांची मेल आली. न कळवता कारखाना हलवलात, हा कराराचा भंग आहे. शिवाय, या तीन ठिकाणांपैकी माल नेमका कुठल्या कारखान्यात बनतो?

मॅडमनी सरकारी अधिसूचना पाठवली, तिचं इंग्रजी भाषांतर पाठवलं, नकाशा पाठवला. उत्तर आलं, 'ठीक आहे. पण जुन्यापासून नव्या जागेचं अंतर फॉर्ममध्ये भरा. रकाना रिकामा चालणार नाही.' मॅडमनी शून्य भरलं. फॉर्म शून्य घेईना!

शेवटी त्या मेलचा कागद अण्णांपुढं ठेवला. अण्णांनी बोट ठेवून ठेवून तो वाचला.

"तीन कारखाने हायेत व्हय आपले?" ते म्हणाले. "मग बाकीचे दोन मला का न्हाई दावले?"

* * *

अण्णांचा एकच दोष. त्यांना नाही म्हणता येत नाही. समोरचा काहीही बोलला, की हे मान डोलावून म्हणतात, "व्हय." स्क्रीनवर 'मान्य आहे' असं बटण दिसलं, की बोट जातंच.

एकदा असंच बटण दाबून त्यांनी पॅकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ते आठवड्यात बंद पडलं. मॅडमनी नोटीस लिहायला घेतली, आणि मी अटी वाचायला. बाविसाव्या पानावर सापडलं: भांडण झालंच, तर ते सिंगापूरच्या कोर्टात.

"अण्णा, तुम्ही सिंगापूरचं कोर्ट कबूल केलंय," मॅडम म्हणाल्या.

"लांब हाय का?"

"समुद्रापलीकडं आहे!"

अण्णांनी थोडा विचार केला. "मंग तडजोड करा. निम्म्या वाटंवर त्येंनी यायचं, निम्म्या वाटंवर आपुन जायाचं."

"निम्म्या वाटेवर पाणी आहे, अण्णा!"

त्याच दिवशी मॅडमनी अण्णांच्या कॉम्प्युटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'व्हय म्हणण्याआधी मॅडमना विचारा.'

* * *

चिठ्ठी कॉम्प्युटरवर होती. मोबाईलवर नव्हती!

अमेरिकेतली एक कंपनी आमचे कोयते तिकडच्या दुकानादुकानांत ठेवायला तयार झाली. ऑर्डर एवढी, की दुसरी शिफ्ट लावावी लागणार होती. पाथर्डीकडच्या चाळीस घरांना अण्णांनी शब्दही देऊन टाकला, "यंदा तोडीला जाऊ नगा, हितं कामाला या."

कराराचा मसुदा त्यांनी अण्णांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. अण्णांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अण्णांच्या मते, मिळाला. पलीकडच्यांच्या मते, कबूल!

मी मसुदा माझ्या पद्धतीनं वाचला. कलम चौदापाशी थांबलो, डिक्शनरी काढली, पुन्हा वाचलं. मुठीचं डिझाइन, आजचं आणि पुढचं, कायमचं अमेरिकन कंपनीचं. म्हणजे उद्या आम्ही दुसऱ्या कोणाला ती मूठ विकली, तर आम्हीच चोर.

"म्या सही कुठं क्येली, मॅडम?" अण्णा म्हणाले. "त्यो नुसता अंगठा हुता."

"परदेशातली कोर्टं अंगठ्यालाही सही धरायला लागलीत, अण्णा."

आईंच्या कानावर गेलंच. त्या ऑफिसात आल्या, अण्णांच्या समोर बसल्या.

"मुकादमाच्या कागदावर म्या अंगठा दिला, तवा मला वाचाय येत न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुला तर येतंय!"

अण्णांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. त्या दिवशीच्या मार्जिनमध्ये मी काही लिहिलेलं नाही.

* * *

मॅडमनी अमेरिकेला कळवलं, की आमच्याकडं अंगठा म्हणजे पोच, होकार नव्हे. त्यांच्या वकिलानं तोड काढली. व्हिडिओ कॉल करू, तो एकेक कलम वाचेल आणि चेअरमननी, म्हणजे अण्णांनी, स्वतःच्या तोंडानं होकार द्यायचा.

कॉलच्या दिवशी सकाळी अण्णा मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी तिथंच होतो.

"मॅडम, मूठ देऊन टाकू," ते म्हणाले. "चाळीस घरं हायेत. एका लाकडापायी त्येंला परत फडात धाडू का? म्या समद्याला व्हय म्हननार. तुमी मधी पडू नगा."

मॅडमनी तासभर समजावलं. अण्णा हलेनात. शेवटी त्या म्हणाल्या, "मालक तुम्ही आहात. पण आईंना विचारलंत का?"

"इचारलं. म्हनली, मनगट माझं हुतं, मूठ तुझी हाय. तू बघ."

संध्याकाळी साडेसहाला कॉल लागला. पलीकडं पांढऱ्या केसांचा वकील, शेजारी त्याचे दोन सहकारी. अलीकडं मध्ये अण्णा, त्यांच्यापुढं टेबलावर आईचा तो जुना कोयता. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मिनिट्स लिहायला मी.

वकिलानं पहिलं कडक कलम वाचलं. माल एक दिवस जरी उशिरा आला, तरी तो नाकारायचा त्यांना हक्क.

"व्हय," अण्णा म्हणाले.

वकिलानं चष्मा काढला. "बिकॉज..." अशी सुरुवात करून तो सांगायला लागला. बंदरं तुंबतात, दुकानदार थांबत नाहीत, सणाचा हंगाम निघून जातो. दोन मिनिटं बोलला. अण्णांना इंग्रजी बेताचंच कळतं. एवढा मोठा माणूस कळकळीनं बोलतोय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. "व्हय."

वकिलानं सहकाऱ्यांकडं बघितलं. "बरं, पंधरा दिवसांची सवलत देतो."

"व्हय."

"एक महिना! त्यापुढं मात्र नाही."

मॅडम काही बोलायला पुढं झाल्या होत्या. त्या हळूच मागं टेकल्या. माझा पेन थांबला होता. मॅडमनी माझ्या वहीवर बोट आपटलं: लिहीत राहा!

कलम सात. "व्हय." वकिलानं घाम पुसला आणि खटल्याची जागा त्यांच्या गावावरून पुण्यावर आली. कलम नऊ. "व्हय." भरपाईची अट निम्मी झाली. कलम अकरा तर त्यानं वाचता वाचताच खोडलं.

मग चौदावं आलं. वकिलानं ते सावकाश वाचलं. अण्णा स्क्रीनकडं बघतच नव्हते. त्यांनी कोयता उचलला, मुठीवरून अंगठा फिरवला. ट्यूबचा तुकडा आता गुळगुळीत झाला आहे. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "व्हय."

पलीकडं वकिलानं पुन्हा चष्मा काढला.

"बिकॉज..." वकील म्हणाला आणि थांबला. तो पाणी प्यायला. "बिकॉज..." पुन्हा थांबला. मग त्यांनी आवाज बंद केला. तिघं एकमेकांशी बोलताना नुसते दिसत होते. आवाज परत आला तेव्हा वकील एवढंच म्हणाला, "कलम चौदा वगळलं."

मॅडमनी "थँक यू" म्हणून तत्काळ कॉल बंद केला.

अण्णा अजून मुठीकडंच बघत होते. "गेली का?" त्यांनी विचारलं.

"राहिली," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन कंपनीच्या सहीचा करार आला. सोबत त्या वकिलाचं छोटंसं पत्र होतं. मॅडमनी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवलं: 'माझी उभी हयात वाटाघाटींत गेली. तुमच्या चेअरमनसाहेबांनी सबंध कॉलमध्ये एकच प्रश्न विचारला, आणि शेवटच्या वेळी तो इतक्या शांतपणे विचारला, की आमच्यापैकी कोणाकडंच त्याचं उत्तर नव्हतं.'

अण्णांनी ते पत्र पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी पिवळ्या चिठ्ठीकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"प्रश्न?" ते म्हणाले. "म्या तर समदं कबूल क्येलं हुतं!"