वंदनाताईंची गर्दी

गेल्या मार्चमध्ये नागपुरातील एका मराठी दैनिकाने आपल्या संगणक विभागाच्या प्रमुख वंदना ठवकर यांना कामावरून कमी केले. पत्रातील कारण : आदेशाचे पालन न करणे. मी त्या दैनिकात वृत्तसंपादक होतो.

दुपारच्या चहानंतर वंदनाताई संपादकीय विभागात टेबलाटेबलांवरून फिरत. प्रश्न एकच असे. "आज भाव पाहिला का गा?" भाव म्हणजे बाजार समितीतील मिरचीचा. तो पाहायचा आधी व्हीपीएन ही खासगी जोडणी सुरू करून, मग टॉर या अनामिक जाळ्यातून. मिरचीत रस नसेल त्याने हवामान पाहावे, नाहीतर एखादी पाककृती. पाहणे मात्र रोजचे.

टॉरमधून पान सावकाश उघडते. क्रीडा पानाचे उमेश वैतागत. "ताई, हे उघडेपर्यंत भाव उतरून जाते."

"उतरू दे. तुले काय गाडी भरायची आहे?"

एकदा उमेश यांच्यासमोर हवामानाचे पान जर्मन भाषेत उघडले. जाळ्याचे शेवटचे टोक त्या दिवशी जर्मनीत होते. ताईंनी वाकून पाहिले. "पाह्य, तू इथं बसून समोसा खाऊन राहिला अन् पानवाल्याइले वाटते तू जर्मनीत आहे." पुढच्या आठवड्यात उमेश यांनी त्याच खिडकीत स्वतःचे ईमेल खाते उघडले. तेव्हा ताईंचा आवाज सगळ्या विभागाने ऐकला. "घोंगडं पांघरलं, अन् आता स्वतःचंच नाव काहून ओरडून राहिला गा?"

दोन्ही कशाला, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "इंटरनेट कंपनीले टॉर दिसू नये म्हणून व्हीपीएन. व्हीपीएनवाल्याले आपलं ऑफिस माहीत, पण पान कोणतं पाहिलं ते नाही. टॉरच्या टोकाले पान माहीत, ऑफिस नाही. दोघाइची गाठ पडू द्यायची नाही." मग मिरचीचा भाव कशाला? "आपल्याच ऑफिसच्या नोंदीत कोणत्या कॉम्प्युटरवर टॉर चाललं तेवढं दिसते. एकच जण वापरत असला, तर तोच तो. लपायले गर्दी लागते."

फेब्रुवारीत आम्ही एका मसाला कंपनीची बातमी छापली. मिरची पुडीत रंग मिसळला जात होता आणि कंपनीच्याच प्रयोगशाळेचे अहवाल बदलले जात होते. मूळ अहवाल कंपनीतीलच कोणीतरी टॉरमार्गे आमच्या एका वार्ताहराला पाठवले होते. बातमीवर वार्ताहराचे नाव नव्हते. कंपनी आमची मोठी जाहिरातदार होती. अहवाल बाहेर कोणी काढले, हे तिला हवे होते. वार्ताहर कळला तर पाठवणारा माणूसही कळेल, असा आमच्या व्यवस्थापनाचा हिशेब होता. संपादकांनी नाव सांगण्यास नकार दिला. मग आमचे महाव्यवस्थापक ताईंकडे आले. मी तिथेच होतो.

"मॅडम, ते अहवाल आले त्या दिवशी टॉर कोणत्या कॉम्प्युटरवर सुरू होतं?"

"सगळ्याच."

"सगळ्या म्हणजे?"

"तुमच्या बी, साहेब. ऊन किती चढलं म्हणून तुम्हीच तर पाहून राहिले होते."

महाव्यवस्थापकांनी नोंदी मागवल्या. ताईंनी त्या दिल्या. नोंदींत संपादकीय विभागातील प्रत्येक संगणक होता आणि खुद्द महाव्यवस्थापकांचाही होता.

दोन दिवसांनी ताईंना लेखी आदेश आला : यापुढे प्रत्येक वार्ताहराच्या संगणकाच्या पडद्याचे चित्रण ठेवावे.

"हे माझ्याकून होणार नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "दुसरा माणूस पाहा."

"नोकरीचा विचार करा, मॅडम."

"केला. त्या प्रयोगशाळेत बी कोणाची तरी नोकरीच आहे."

कामावरून कमी केल्याचे पत्र आले तेव्हा ताईंनी सर्व पासवर्ड नव्या प्रमुखांच्या हवाली केले आणि त्या हुडकेश्वरच्या घरी गेल्या. सध्या त्या मिहान उद्योगक्षेत्रातील एका कंपनीत काम करतात. अहवाल पाठवणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे त्यांना माहीत नव्हते. मलाही नाही.

मसाला कंपनीने प्रयोगशाळेतील सर्वांची चौकशी केली. हा मजकूर लिहीपर्यंत त्यांच्यापैकी कोणालाही कामावरून काढलेले नाही.