पहिली बोली वहिनीची

सगुणा वहिनी गेल्याचा निरोप सालेकशाहून आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप बाजूला सारलं.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी लग्न होऊन आमच्या सौंदडच्या घरी आली. भाऊ धानाचा व्यापार करायचा. हाताचा फार वाईट. भातात खडा लागला म्हणून त्यानं पितळी तांब्या फेकून तिची भुवई फोडली होती. रक्त पुसून तिनं दुसरं ताट वाढलं.

दुपारी त्याला पत्ते लागत. गोंदियाच्या बाजारातून तो एक डाव शिकून आला होता. राजा, राणी, गुलाम, तीनच पानं. दोघांना एकेक, तिसरं पालथं. दोघांनी आधी एकेक चिंचोका मांडायचा. मग एकानं बोलायचं, म्हणजे आणखी एक टाकायचा किंवा गप राहायचं. गप राहिलं तर टाकायची पाळी दुसऱ्याची. एकानं टाकला की समोरच्यानं तेवढाच टाकून पानं उघडायची, नाहीतर डाव सोडायचा. उघडल्यावर मोठं पान जिंके, राजा सगळ्यांत मोठा, गुलाम सगळ्यांत लहान. पहिली बोली कायम वहिनीची. तिचे चिंचोके संपले की मार.

"तुया तोंडावरच दिसून राहिलं, गुलाम आहे म्हणून," भाऊ म्हणायचा, आणि ते खरं असायचं.

तो बाहेरगावी गेला की वहिनी मला समोर बसवी. तोच डाव, आळीपाळीनं पहिली बोली घेत, महिनोन्महिने. राजा आला की टाकायचाच, राणी आली की आधी गप, हे लवकर उमगलं. गुलामानं छळलं. हाती गुलाम असताना चिंचोका टाकणं म्हणजे खोटं बोलणं. दरवेळी खोटं बोललं तर पकडली जाई, कधीच नाही बोललं तर राजा ओळखू येई. तिनातून एकदा खोटं, इथं ती थांबली. पण कधी, हे ती स्वतः ठरवत नसे. पदराच्या गाठीत तीन चिंचोके, एकाला नखाचा चरा. गुलाम आला की न बघता गाठीतला एक चाचपायची. चऱ्याचा लागला तरच खोटं.

"मलेच माहीत नाही, तं तोंडावर काय दिसन?" ती म्हणाली.

मार कमी झाला, थांबला नाही. एक दिवस ती मला म्हणाली, "बाई, चुकत काहीच नाही, तरी हळूहळू हरूनच राहिली. तूही पहिली बोलली की हरतेस. पहिल्या बोलीतच खोट आहे."

त्याच दुपारी ती त्याला म्हणाली, "आजपासून आळीपाळीनं. पहिले तुमी बोला."

भावानं तिचे केस धरले आणि डोकं जात्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा... तुटलेला दात माझ्या पायाशी येऊन पडला. तिच्या हाती विळा आला, तिनं तो फिरवला. कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा हात उघडला. तो खाली बसून स्वतःच्या रक्ताकडे बघत राहिला.

"मी आता खेळत नाही," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून स्टेशनाकडे चालू लागली. मी मागोमाग गेले, गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसले. ती सालेकशाला जाऊन राहिली.

भाऊ जगला, तो हात कायमचा लुळा राहिला. एकदा दोन माणसं घेऊन तो सालेकशाला तिला आणायला गेला. ती कुऱ्हाड घेऊन दारात उभी राहिली. तिघे परतले. पुढची सारी वर्षं तिनं जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडून काढली, एकटीनं, कुणाची न होता.

तेराव्याला मी तिच्या खोलीत राहिले. शेजारीण म्हणाली, वहिनी दाराकडे पाठ करून कधी बसली नाही. जेवतानाही पाठीला भिंत आणि नजर दारावर. मी ताट घेऊन बसले, आणि पाहते तर मीही तशीच बसले होते.