दारावरचे दोन मासे

आमच्या आविन्योंमध्ये दारावर काही रंगवणं ही साधी गोष्ट नव्हती. पोप रोम सोडून आमच्याकडे राहायला आले त्याला तेव्हा तीस-बत्तीस वर्षं झाली होती. त्यांच्यामागून लाल टोपीवाले कार्डिनल आले, त्यांचे आचारी, घोडे, भाचे-पुतणे आले. एवढ्यांना घरं कुठून आणायची? मग पोपचे कारकून गल्लोगल्ली हिंडत. घर पसंत पडलं की दारावर त्या कार्डिनलचं चिन्ह काढत, भाडं तेच ठरवत, आणि आठ दिवसांत मालकाने बाहेर पडायचं.

रिक्सेंदा माझ्या समोर राहायची. मेणबत्त्या करायची. मेण पांढरं व्हायला ऊन लागतं आणि आख्ख्या गल्लीत सपाट गच्ची तेवढी तिच्या घराला. मेणाच्या पातळ पट्ट्या पसरायच्या, पाणी शिंपडायचं, दिवसातून चारदा उलटायच्या. तिचा नवरा पोन्स पाथरवट. पोपच्या नव्या वाड्याच्या कामावर परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याचा पलंग खालच्या खोलीत.

"पोट वर, नवरा खाली," ती म्हणायची, "माझं आयुष्य चाललंय जिन्यात."

ती हे घर सोडून जाणार कुठे? पोन्सला हलवायला चार माणसं लागत, आणि दुसऱ्या घराला असं ऊन मिळणार नव्हतं.

एका पावसाळ्यात कारकून आमच्या मागच्या गल्लीपर्यंत आले. त्या दुपारी रिक्सेंदाने इस्नार चांभाराकडून तेलात कालवलेला लाल रंग आणला आणि आपल्याच दारावर दोन मासे काढले. ते चिन्ह पलीकडच्या वेशीजवळच्या एका म्हाताऱ्या कार्डिनलचं. त्याची घरं इतकी, की त्याच्या माणसांनाही धड ठाऊक नव्हती.

मी धावत गेले. "अगं, हे पाप आहे का गुन्हा?"

"पाप असेल तर मी फादरना सांगेन," ती म्हणाली. "गुन्हा असेल तर तू कुणाला सांगू नकोस."

तिसऱ्या दिवशी कारकून आले. "हेही म्हाताऱ्याचंच? किती घरं बळकावलीत या माणसाने!" असं म्हणून पुढे गेले. आम्ही दोघी पोटभर हसलो. पोन्ससुद्धा हसला.

एक गोष्ट मात्र कुणालाच सुचली नाही, आणि ती आम्हाला लहानपणापासून माहीत होती. कार्डिनल मेला की लोक त्याचं घर लुटतात. त्या दिवशी त्याच्या वस्तूंना मालक नसतो, अशी आमच्याकडची समजूत. मीही एकदा अशाच घरातून तांब्याचं पातेलं आणलं होतं. खोटं कशाला बोलू.

तीन वर्षं बरी गेली. मग उपवासाच्या दिवसांत बातमी आली, म्हातारा अंथरुणाला खिळलाय.

"रिक्सेंदा, तुझा कार्डिनल आज सूप प्यायला म्हणे," इस्नार रस्त्यातून ओरडायचा.

"आणि काल?"

"काल ओकला."

ती हसायची नाही. दर शनिवारी मनगटाएवढी जाड मेणबत्ती करून देवळात लावायची. एवढी कुणासाठी, असं बायका विचारत. "एका आजाऱ्यासाठी," ती सांगायची.

मी म्हटलं, "पुसून टाक ते मासे."

"पुसू? नवे सात कार्डिनल झालेत. कारकून आज सकाळी कातडीबाजारात होते. आत्ता पुसलं तर संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं चिन्ह बसेल."

"आणि तो मेला तर?"

"जगेल गं. देव एवढं ऐकेल माझं."

आपलं घर वाचावं म्हणून दुसऱ्याचं आयुष्य मागावं का, मला कळत नव्हतं. तरी मीही मागितलं.

शुक्रवारी भर दुपारी घंटा वाजू लागल्या. थांबेचनात. रिक्सेंदा सुरी घेऊन दार खरवडायला लागली. पण रंग तीन वर्षांत लाकडात मुरला होता. वरचा काळपटपणा तेवढा निघाला आणि मासे आणखी लाल दिसू लागले.

तोवर गर्दी वळणावर आली. पुढे परके होते, मागे आमचेच लोक.

"हे मासे मी काढलेत!" ती दारात आडवी उभी राहिली. "घर माझं आहे, माझं!"

गर्दी क्षणभर थांबली. एक आडदांड माणूस म्हणाला, "कार्डिनलचं चिन्ह खोटं काढलंस? मग चल कोतवालाकडे, चाबूक खायला. साक्ष कोण देतंय?"

तिने इस्नारकडे पाहिलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मासे दिसतायत, मासेच असणार."

मग ती माझ्याकडे वळली. "ह्यूगा?"

साक्ष द्यायची म्हणजे तीन वर्षं माहीत असून गप्प बसले, हेही सांगायचं. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. फार वेळ नाही, पण तेवढा पुरला.

ती दारातून बाजूला झाली आणि आत जाऊन पोन्सच्या पलंगावर बसली. लोकांनी मेण नेलं, कढया नेल्या, साचे नेले, जिन्याचा कठडासुद्धा उपटला. पलंगाला कुणी हात लावला नाही.

सोमवारी कारकून आले. म्हाताऱ्याची सगळी घरं एका नव्या कार्डिनलला मिळाली होती आणि दारावर मासे म्हणून हेही त्यातलंच. मालकाला भाडं मिळतं, आठ दिवस मिळतात. मेलेल्या कार्डिनलच्या घरात सापडलेल्या बाईला काय मिळणार?

"संध्याकाळपर्यंत मोकळं करा," कारकून म्हणाला. मग पलंगाकडे बघून त्याने विचारलं, "पण तुम्ही कोण, बाई?"

रिक्सेंदाने पोन्सच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मी मेणबत्त्या करते," ती म्हणाली, आणि पोन्सला उचलायला चार माणसं शोधायला बाहेर पडली. माझ्या दारावरून गेली. थांबली नाही.