रुमालावर मिळालेला ऑपेरा

त्या वर्षी शारजाहून सुट्टीला घरी न जाता आम्ही दोघं नवराबायको व्हिएन्नाला गेलो, तेही काटकसरीत. दिवसभर राजवाडा बाहेरून पाहिला आणि केक काचेतून. माझे पाय बोलायला लागले. "खलास! आता हॉटेल," मी वैतागून म्हटलं. "यल्ला, चला, ऑपेरा!" म्हणत ह्यांनी उभ्याने पाहायची तिकिटं नाचवली, कॉफीपेक्षा स्वस्त.

आत लोक कठड्याला स्कार्फ बांधत होते आणि खुशाल बाहेर फिरायला जात होते. जागा धरायची ही तिथली रीत, असं दारावरच्या माणसाने सांगितलं. मला हसू आवरेना. अहो, हे तर आपलं एसटीत रुमाल टाकणं! ह्यांनी ऐटीत चौकड्यांचा रुमाल काढून गाठ मारली, आणि आम्ही सँडविच खायला पळालो.

परतलो तर तोबा गर्दी, पण रुमालापाशी कोणी नाही. रोलमधला शेवटचा फोटो मी त्या रुमालाचाच काढला. गाण्यातलं अक्षरही कळलं नाही, तरी मनसोक्त रडले.

शारजात दर तीन वर्षांनी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का बसला, तरच आमची जागा राहायची. इथे ह्यांचा मळका रुमाल पुरला.