न विचारता घेतलेली फांदी

एकोणीस मार्चला माझ्या थोरल्या बहिणीने चारशे पंच्याऐंशी रुपयांची मातीची कुंडी विकत आणली, आणि काहीतरी बिनसलं आहे हे मला कळलं.

कुंडी विकत आणणं हा काही गुन्हा नव्हे. पण ताईच्या गच्चीवर शंभरेक झाडं आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही नशिबी विकतची कुंडी नव्हती. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ, भंगारात निघालेल्या धुलाईयंत्राचं पिंप, असा तिथला संसार. नवी कुंडी दिसली की ताई म्हणायची, "झाडाला काय कळतंय भांडं कितीचं ते." त्याच ताईने नक्षीच्या काठाची, जाड बुडाची कुंडी रिक्षातून आणली, जिन्यात दोनदा टेकली आणि मला हाक न मारता वर नेली. मी हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस. खर्चाच्या सवयीत बदल दिसला की आत काहीतरी हललेलं असतं, एवढं मला नोकरीने शिकवलं आहे.

ताई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. गल्लीत तिला अजून फोनताई म्हणतात. नातेवाइकांना वाईट बातमी कळवायची वेळ आली की बाकीच्या ऑपरेटर "डॉक्टरांशी बोला" म्हणून मोकळ्या होत. ताई आडपडदा ठेवत नसे. गोल गोल सांगितलं की माणूस अधांतरी लटकतो, असं तिचं मत. त्यामुळे तिचा दराराही होता आणि तिच्या शब्दाला वजनही.

ती निवृत्त झाली तेव्हा वरची खोली आणि गच्ची तिच्याकडे गेली, खालच्या खोल्यांत मी आणि माझी बायको. गच्ची पश्चिमेची, दुपारी अनवाणी पाय ठेवला तर चटका बसेल अशी. इथे काही उगवणार नाही, असं सगळ्यांनी सांगून झालं. ताईने मग उन्हाशी भांडायचं सोडून उन्हाचीच माणसं गोळा केली. बोगनवेल, सदाफुली, घाणेरी, जास्वंद, चिनी गुलाब. "ज्याला ऊन सोसत नाही त्याने खाली राहावं," असं ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायची. चिनी गुलाबाचा तुकडा मोडून नुसता मातीवर टाकला तरी तो धरतो, कुरकुर नाही, मागणी नाही. माझी बायको म्हणाली होती, "ताई, हे झाड या घरात सून म्हणून आणायला हवं होतं." ताईला हे इतकं आवडलं की तिने तो डबा बायकोच्या खिडकीत आणून ठेवला.

तिचा खरा जीव मात्र अडेनियमवर. जमिनीवर फुगलेला गड्डा, त्यातून निघालेल्या चार जाड फांद्या आणि भर उन्हाळ्यात, बाकी सगळं माना टाकत असताना, टोकांना फुलांचे झुबके. त्याची फांदी लावायची तर कापून सावलीत सुकवायची, चीक आटून जखम बंद झाली की भरड वाळूत खोचायची आणि मग पाणी द्यायचा मोह आवरायचा. गल्लीतल्या निम्म्या बायकांना ताईने हे शिकवलं होतं. शिकवताना दोन गोष्टींची घोकंपट्टी करून घ्यायची. ब्लेड स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचं नाही. आणि फांदी घेतली की आधी आईची जखम बघायची, मग लेकराची.

एक तिसरी गोष्टही होती, पण ती हसत सांगायची. न विचारता घेतलेली फांदी हमखास लागते. फिरायला जाताना तिच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असे. कुणाच्या कुंपणावरून बाहेर आलेली बोगनवेल, कुणाच्या फाटकाजवळची जास्वंद, ताईचा हात सहज जायचा. याला चोरी म्हणावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आम्ही हसत होतो.

आमच्या समोरच घड्याळभाऊंचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. भिंतीवर चाळीसेक घड्याळं टिकटिकत असतात, पण वेळ चालते ती वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. भाऊंनी जेवायचं कधी, दुकान लावायचं कधी, कुणाला उधार द्यायचं, सगळं वहिनी आतून ओरडून सांगतात. दुकानाच्या पायरीवर वहिनींचं अडेनियम होतं. काळपट लाल, दुहेरी पाकळ्यांचं, प्रत्येक पाकळीला पांढरी बारीक कड. तसं फूल आमच्या भागात दुसरं नव्हतं. अकरा वर्षं वाढवलेलं. त्याला हात लावायची भाऊंना सक्त मनाई होती. ताईने दोनदा फांदी मागितली आणि दोनदा वहिनींनी विषय बदलला.

नव्या कुंडीच्या दिवशी संध्याकाळी मी वर गेलो. कुंडी पाण्याच्या टाकीमागे, गल्लीतून दिसणार नाही अशी ठेवलेली. त्यात वीतभर फांदी, टोकाला ताजी पानं. ताई शेजारी उकिडवी बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं, इस्पितळात सांगायची तसं, एका दमात.

ऑक्टोबरच्या उन्हात वहिनी बाहेर गेल्या होत्या. ताई घड्याळाचा पट्टा बदलायला दुकानात गेली. भाऊ पट्टा शोधायला आत वळले आणि ताईने पायरीवरच्या झाडाची मागची फांदी उतरवली. पावलं वाजली, तिने फांदी पर्समध्ये टाकली. आईची जखम बघायला वेळच नव्हता. ब्लेडही पुसलेलं नव्हतं, आणि त्याच ब्लेडने तिने त्या सकाळी स्वतःच्या एका अडेनियमचा कुजलेला भाग कापून काढला होता.

पंधरवडा झाला नसेल, वहिनींचं झाड मान टाकू लागलं. आणि वहिनींनी बोलावलं कुणाला, तर ताईलाच. गल्लीत झाडांची डॉक्टर तीच. ताईने गड्ड्यावर अंगठा दाबला तर तो नासक्या बटाट्यासारखा आत गेला. पाण्याने कुजलेलं झाड मुळाकडून वर कुजत येतं. इथे काळी रेघ वरून, तिने कापलेल्या जागेवरून, खाली उतरली होती. तिथे उभ्या असलेल्या तिघांत ती रेघ वाचता येणारी एकटी ताई होती.

ती म्हणाली, "पाणी जास्त झालं."

भाऊ दारात उभे होते. एकदा प्यायल्यावर उरलेलं पाणी पेल्यातून झाडात ओतल्याचं त्यांनी कबूल केलं. एकदाच, असंही म्हणाले. तेवढ्यावर ताई गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण वहिनी ताईच्या तोंडाकडे बघत होत्या आणि ताई बोलून गेली की एकदा घातलेल्या पाण्याने असं होत नाही, वरचेवर पडलं असणार.

"डॉक्टरकी दाखवली मी," ताई मला म्हणाली. "कुणी मागितलीसुद्धा नव्हती."

मी जाऊन सांगून टाक म्हणालो. तिने मान हलवली. ती हो म्हणाली का नाही, ते मला कळलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनींचा आवाज आमच्या खिडकीत स्पष्ट येतो. भाऊंनी चहाचा कप हातात घेतला तरी, "सांडू नका, झाडासारखं होईल." भाऊंनी नळ सुरू केला तरी, "पुरे, किती पाणी." आधी हे टोमणे ऐकून आम्ही हसायचो. आता ताई समोर असली की मी खिडकी लावून घेत असे, आणि खिडकी लावताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू. मीही आता त्यातलाच झालो होतो.

एप्रिल तापला आणि टाकीमागच्या फांदीला कळ्या धरल्या. एका सकाळी मी ताईला त्या खुडताना पाहिलं. उन्हाळाभर ज्या फुलांची वाट बघायची त्यांच्या कळ्या ती नखाने तोडून मातीत दाबत होती. फूल उमललं असतं तर लपवता आलं नसतं. ते फूल गल्लीतलं पोरगंही ओळखतं. मला बघून तिने हात पदराला पुसले. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. शेजाऱ्याच्या डब्यात हात घालताना सापडलेल्या मुलासारखा, पण पासष्टी उलटलेला.

अशात एका रविवारी घड्याळभाऊ आमच्याकडे आले. मला म्हणाले, तुम्ही कॉमर्सवाले, जरा सल्ला द्या. दुकान बंद करायचं तर लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं कशी परत करायची, माल कुणाला द्यायचा, जागेच्या अनामतीचं काय. ताई तिथेच बसून सदाफुलीचं बी काढत होती.

मी विचारलं, एवढी घाई कसली, हात तर अजून स्थिर आहे.

"हाताचं नाही हो," भाऊ म्हणाले. "डोक्याचं म्हणतोय. त्या झाडात मी एकदा पाणी घातलं असं मला आठवतं. पण ताई सांगतात वरचेवर पडलं होतं, म्हणजे पडलंच असणार. बाकीच्या वेळा मला आठवतच नाहीत. उद्या कुणाचं घड्याळ उघडून ठेवलं आणि विसरलो तर? लोकांचे बापजाद्यांचे जिन्नस असतात."

ताईच्या मांडीवरची शेंग तिच्या बोटांत फुटली आणि बी जमिनीवर सांडलं. भाऊच खाली वाकून ते गोळा करू लागले. ती नको नको म्हणत राहिली आणि ते एकेक दाणा उचलून तिच्या तळहातावर ठेवत राहिले.

ते गेल्यावर मी म्हणालो, आत्ता चल. ताई म्हणाली की एक कळी शिल्लक आहे, ती उमलू दे. नुसती हिरवी फांदी दाखवली तर वहिनी म्हणतील भाऊंना वाचवायला काहीतरी आणलंय. ते खरं होतं. तिला आणखी चार दिवस हवे होते, हेही खरं होतं.

कळी उमलली त्या सकाळी ती खाली आली. इस्त्रीची साडी, पायांत चप्पल, केस घट्ट बांधलेले, कामावर जायची तशी. कुंडी जड, म्हणून मी उचलली. गल्ली ओलांडताना दोन जणांनी विचारलं, वा, कुणाकडे? ताई सरळ चालत राहिली.

भाऊ डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी कुंडी काउंटरवर ठेवली. त्यांनी भिंग काढलं, फुलाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि आत हाक मारली. वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"ऑक्टोबरात मी तुमच्या झाडाची फांदी न विचारता कापली," ताई म्हणाली. "घाण ब्लेडने. झाड त्याने गेलं. पाण्याने गेलं नाही. भाऊंनी एकदाच पाणी घातलं असेल तर एकदाच घातलं. त्यांना नीट आठवतंय. मी खोटं सांगितलं."

भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती. वहिनी पुढे आल्या, पिठाच्या बोटाने पाकळीची कड उचलून बघितली. मला वाटलं, आता सगळी गल्ली गोळा होईल. पण त्या ताईकडे वळल्याच नाहीत. त्यांनी भाऊंकडे बघितलं आणि स्वतःची मान खाली घातली.

"पुन्हा मागितली असतीस तरी मी दिली नसती," त्या शेवटी फुलालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "पण यांना मी काय काय बोलले."

भाऊंनी भिंग पुन्हा उचललं, पण डोळ्याला लावलं नाही. "सहा महिने," ते ताईला म्हणाले, "मी रोज सकाळी उठून काल काय केलं ते मनात म्हणून बघत होतो. पाठांतर केल्यासारखं. बरोबर येतंय का ते."

वहिनींनी कुंडी उचलली आणि दुकानाच्या पायरीवर नाही, आत नेली. आम्ही परत आलो. जिना चढताना ताईने कठड्याला धरलं होतं. गच्चीवर जाऊन तिने सगळ्या डब्यांना पाणी घातलं आणि मग पर्समधलं ब्लेड काढून कचऱ्यात टाकलं. ते तिने मला दाखवून केलं, याचं मला वाईट वाटलं.

गल्लीला कळायचं ते कळलं. वहिनींकडून नाही, दुकानाबाहेर त्या वेळी कुणीतरी उभं होतं. बायका अजून रोपं विचारायला येतात, पण ताईने एखाद्या झाडाला अमुक झालंय म्हटलं की, "नक्की ना, ताई?" असं विचारतात. हसून विचारतात. ताईही हसते आणि मग खाली येऊन माझ्या बायकोजवळ बराच वेळ नुसती बसते.

घड्याळभाऊंनी दुकान बंद केलं नाही. अनामतीचा विषय त्यांनी माझ्याकडे पुन्हा काढला नाही. जून लागला तेव्हा ताईचं मनगटी घड्याळ थांबलं. सेल बदलून आणायला मला पाठवावं असं तिच्या मनात असावं, पण तिने मला सांगितलं नाही, ती स्वतः गेली. भाऊंनी सेल बदलला, काच पुसली, घड्याळ तिच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ताईकडून कधी पैसे घेतले नव्हते. शेजाऱ्यांकडून काय घ्यायचे, म्हणायचे. त्यामुळे ती पर्स न घेताच गेली होती. ती वळली तेव्हा मागून भाऊ म्हणाले, "साठ झाले, ताई." आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला सांगतात तसं त्यांनी सांगितलं. सोबत पैसे नाहीत म्हटल्यावर, सवडीने द्या, असंही म्हणाले.

ते साठ रुपये अजून द्यायचे आहेत.