खिडकीतली बाटली

हुपरीत चांदीचं काम चालतं अशा कुठल्याही घरात डोकवा; खिडकीत एक प्लॅस्टिकची पाण्याची बाटली दिसेल आणि तिला कुणी हात लावणार नाही. तिच्यात ऍसिड असतं. सांधा जोडताना दागिना काळा पडतो, तो त्यात बुडवून उजळायचा. बाटलीवर कुणी काही लिहीत नाही. पाणी तांब्यात, ऍसिड खिडकीत. रांगतं पोरही एकदा पाठीत धपाटा खाऊन हे शिकतं ते जन्मभरासाठी. शांतवनही असाच शिकला होता, बाप पिराजीच्या हातचा धपाटा खाऊन.

श्रीपालअण्णांच्या कारखान्यात पैंजण करण्यात त्याची उमर गेली. हातात कसब होतं, तोंडाला मात्र कुलूप. रविवारी पांढरा सदरा चढवून एसटीनं कोल्हापूरला चर्चमध्ये हजर. तिथल्याच पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "आफ्रिकेत मलावीला आपली काही मंडळी जाणार आहेत, तिथल्या बायकांना हातकाम शिकवायला. तुम्ही येता का?" शांतवनला आनंद पोटात मावेना. आजवर लोकांनी त्याला तुटलेलं जोडायला बोलावलं होतं, शिकवायला कुणीच नाही.

अण्णा मात्र उखडले. "हितली पोरं शिकंनात, आनि ह्यो निघाला जगाला शिकवाय! कशाला जातोयस गा लेका?"

"शिकल्या तर चार घास खातील की, अण्णा. देवाचं काम हाय."

"मग जा बाबा. देवाच्या कामाला मी कोण न्हाय म्हननारा?"

मलावीतल्या एका खेड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये पाळकसाहेबांच्या देखरेखीखाली शिकवणी सुरू झाली. चांदी परवडणार कुणाला? पितळेच्या तारेवर भागवलं. ऍसिड शहरातल्या बॅटरीवाल्याकडून आणलं. आणि नवल म्हणजे, हा मुखदुर्बळ माणूस मास्तर म्हणून झकास निघाला. केस कसे बांधायचे, कपडा कसा आवरायचा, ज्योतीवर फुंकणी कशी धरायची, सगळं करून दाखवी. एस्नात नावाची एक बाई सगळ्यांत तरबेज. तिनं जोडलेला सांधा बोटाला लागत नसे. ही हुपरीत असती तर अण्णांनी हिला कारखान्यात पळवून नेली असती, असं त्याला वाटे.

राहिलं ते फक्त खिडकीचं सांगायचं. तो विसरला म्हणावं तर तसंही नाही. हे कुणाला सांगावं लागतं, हेच त्याच्या गावी नव्हतं. आपल्या घरात कुणाला सांगावं लागलं होतं? सवयीनं त्यानं बाटली खिडकीत ठेवली आणि कामाला लागला. त्या बायकांकडं तांब्या कुठला असायला! लांबून पाणी आणायच्या ते अशाच बाटल्यांतून, आणि जी हाताशी येईल ती तोंडाला लावायच्या.

एका दुपारी एस्नात ज्योतीपुढून घामाघूम होऊन उठली, खिडकीपाशी गेली आणि तिनं बाटली उचलली. "न्हाय! न्हाय!" शांतवन जीव तोडून ओरडला. मराठीत ओरडला. ती दचकून वळली, तोवर मोठा घोट पोटात गेला होता.

दवाखान्यात तिनं काही दिवस काढले, काढले म्हणजे तळमळली. शांतवन बाहेरच्या पायरीवर बसून असायचा. हिला वाचव, माझे हात ने, अशी प्रार्थना त्यानं केली. एस्नात गेली. हात राहिले.

दफनानंतर तिची आई शेडमध्ये आली. लेकीला काय झालं, एवढंच तिला विचारायचं होतं. पाळकसाहेब इंग्रजीत बोलत आणि तिथला दुभाष्या ते तिच्या भाषेत सांगे. शांतवनला यातलं काहीच येत नव्हतं. तो मराठीत बोलला, आयुष्यात कधी बोलला नव्हता तेवढं बोलला. बाटली मी ठेवली, चूक माझी हाय, तुमच्या लेकीची न्हाय, माझ्या हातनं गेली ती. साहेबांनी ते सगळं दोन वाक्यांत उरकलं. म्हातारीनं शांतवनचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"साहेब, काय सांगितलं तुमी?"

"तिनं घाईत चुकीची बाटली घेतली, म्हणालो. आणि तुम्ही फार रडलात." साहेबांनी नजर चुकवली. "शांतवन, हे केंद्र बंद पडलं तर बाकीच्या बायकांनी कुठं जायचं?"

साहेब वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. ते बाहेर गेले, दुभाष्याही गेला. लेक कामाला बसायची तो पाट म्हातारी पुसत बसली. शांतवनला राहवेना. त्यानं कोपऱ्यातली रिकामी बाटली उचलली, खिडकीत ठेवली, बोट बाटलीकडं नेलं, मग स्वतःच्या छातीवर आपटलं. पुन्हा बाटली, पुन्हा छाती. मी. मी ठेवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

म्हातारीनं बाटलीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पाणी मागतोय असं समजून मान हलवली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. शांतवननं पेला परत तिच्यापुढं धरला. पण ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती, पोराला पाजावं तशी. त्याला ते सगळं प्यावं लागलं.