मिठबावकर काकांना ऐकू न येणारं पान

रविवारची दुपार. लॅपटॉपवर हात तसेच ठेवून सुकन्या जरा डोळे मिटते. कुडाळच्या वाचनालयाची वेबसाइट उद्या सुरू व्हायची आहे, आणि तिच्या अंगात त्राण उरलेलं नाही.

"पान उघडलंय म्हणतेस, पण मला काहीच ऐकू येत नाही गो."

शेजारी मिठबावकर काका. डोळ्यांनी अंध. मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर पुस्तकं शोधायचे, सुकन्याचं प्रत्येक नवं पान आधी ऐकून बघायचे. गेल्या चैत्रात ते गेले. हे तिला आठवतं, पण विचारायला जीभ रेटत नाही.

दोघं वाचनालयात आहेत. काका बसायला जातात, खुर्ची सरकते. कपाटं आपसूक जागा बदलतात.

"हे कोण हलवतंय?"

"स्क्रिप्ट, काका. पानातला छोटा प्रोग्राम, पानावरचं सगळं तीच मांडते. ब्राउझरमध्येच चालते."

"पान वाचायला असतं. यंत्र चालवायचं तर वेगळा प्रोग्राम दे. ज्याला हवा तो घेईल."

"कोण घेणार? उतरवा, बसवा, परत नवा आणा. तुमचा तो वाचणारा प्रोग्राम आठवतो? कंपनी बुडाली, नव्या कॉम्प्युटरवर चाललाच नाही."

"हो. माझ्याआधी तोच गेला." काका थकल्यासारखे हसतात. "पावसाळाभर नुसता बसून होतो."

आता एसटी स्टँड. फलकावरची गावं एकमेकांच्या जागी उड्या मारतायत. सुकन्याला एकही नाव धड वाचता येत नाही.

"मी दमलेय, काका. तुम्हीच सांगा, काय बरोबर?"

"मला काय ठाऊक? दोन्ही मोडतात. तू एवढंच बघ, आधी शब्द येऊ देत. स्क्रिप्ट चालली नाही तरी पुस्तकाचं नाव कानावर पडायला हवं. मग नाचव काय नाचवायचं ते."

ते तिचं बोट धरतात, फलकावर दाबतात. खाली ब्रेलचे टिपके, टोकदार.

"वाच."

"मला येत नाही, काका."

"तुझं पान उघडलं की माझं असंच व्हायचं."

ती जागी होते. ऊन पायांशी आलंय. तिच्या उजव्या बोटाच्या टोकावर तीन टिपके खोल रुतलेत. ती अंगठ्याने चोळते. ते जात नाहीत.

त्याच बोटाने ती ब्राउझरमधली स्क्रिप्ट बंद करते, पान पुन्हा उघडते. पडद्यावर पांढरं, कोरं. एक अक्षर नाही.

सुस्कारा टाकून ती खुर्ची पुढे ओढते.